दिवसा राम, रात्री कृष्ण

'चिहायाफुरू' ही जपानी ॲनिमे मालिका मी लेकीच्या आग्रहाखातर पाहायला बसले. पहिल्याच रात्री ती झोपून गेली आणि सॉल्ट लेकमधल्या आमच्या घरात मी एकटी जागत राहिले. सुएत्सुगु युकी यांच्या मांगावरून केलेली ही मालिका २०११ मध्ये सुरू झाली. विषय पत्त्यांच्या खेळाचा: कारुता.

हे पत्ते कवितांचे आहेत. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका या कवीनं शंभर कवींची प्रत्येकी एक कविता निवडली; तो संग्रह म्हणजे 'ह्याकुनिन इश्शू'. जमिनीवर मांडलेल्या पत्त्यांवर कवितेचा फक्त उत्तरार्ध असतो. वाचणाऱ्यानं पूर्वार्ध सुरू केला, की दोघांपैकी ज्याचा हात आधी पडेल त्याचा तो पत्ता. सात कविता तर पहिल्या अक्षरावरूनच ओळखू येतात. शंभरांतले पन्नासच पत्ते मांडतात, वाचणारा मात्र शंभरही कविता वाचू शकतो. मांडलेल्यांत नसलेली कविता चालू असताना पत्त्याला हात लागला, तर ती चूक. म्हणजे समोर काय आहे याच्याइतकंच काय नाही, हेही लक्षात ठेवायचं.

'कारुता' हा शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरून आला. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले. त्याआधी, १५१० मध्ये, त्यांनी गोवा घेतला होता. त्यांच्या भाषेतून आपल्याकडे 'पाव' आला, जपानीत 'पान'. पण मला जास्त कुतूहल वाटलं ते १९०४ सालाचं. तोवर हा खेळ ठिकठिकाणी आपापल्या रीतीनं खेळला जाई. 'योरोझु चोहो' या वृत्तपत्राचे संस्थापक कुरोइवा रुइको यांनी त्याचे नियम एकसारखे केले आणि स्पर्धा भरवली. हे गृहस्थ 'ले मिझराब्ल'सारख्या कादंबऱ्या जपानीत आणणारे अनुवादक. एका अनुवादकानं केलेली ही कामगिरी वाचून मला बरं वाटलं. आज त्या खेळाचे अजिंक्यपदाचे सामने ओत्सु शहरातल्या ओमी देवस्थानात होतात.

हे वाचताना सारखी आठवत होती आजोळची सावंतवाडी, गोव्याला लागूनच असलेली. आजीकडे दशावतारी गंजिफांचा डबा होता. गंजिफा इराणकडून आल्या. १५२७ मध्ये बाबरानं सिंधच्या शाह हसनला त्या पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली गंजिफांचे रंग आठ आणि पानं शहाण्णव. आपल्याकडे दहा अवतारांचे दहा रंग झाले; प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, अशी एकशेवीस गोल पानं. पुढे छापील बावन्न पानांचे स्वस्त पत्ते आले आणि गंजिफा माळ्यावर गेल्या. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ही चित्रकला पुन्हा उभी केली. त्यामुळे चित्रं जगली. खेळ मात्र आजीसारख्यांच्या हातात राहिला आणि त्यांच्याबरोबर गेला. मी तिच्याशेजारी बसून राजे आणि प्रधान वेगळे करायची. खेळायला कधी शिकले नाही. माझ्याकडे तिचा एकच नियम उरला आहे: डाव दिवसा असेल तर उतारी रामवाल्याची, रात्री असेल तर कृष्णवाल्याची.

बंगालमध्येही दशावतारी पत्ते आहेत, बाकुडा जिल्ह्यातल्या विष्णुपूरला. मल्ल राजांच्या काळापासूनची ही कला तिथल्या फौजदार घराण्यानं जपली. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून ही पानं करतात. हरप्रसाद शास्त्रींनी त्यांच्यावर १८९५ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिलं. इथे पत्त्यांना 'ताश' म्हणतात, पण लिहितात 'तास'. मराठी डोळ्याला तिथे घड्याळच दिसतं.

गेल्या डिसेंबरात एका हस्तकला मेळ्यातून मी विष्णुपूरचा संच आणला. भिंतीवर लावायला म्हणून घेतला होता. पण मालिका संपवलेली लेक म्हणाली, "आई, लावायचा कशाला? खेळू या ना." तिसरा भिडू म्हणून शेजारच्या काकिमांना बोलावलं. आठवतील तेवढे नियम घेतले, बाकीचे घरगुती ठरवले. पानं वाटून होईपर्यंत पाच वाजून गेले आणि कोलकात्यात डिसेंबरात पाचला अंधार पडलेला असतो. म्हणजे रात्र. म्हणजे कृष्ण.

तिघींनी आपापली पानं पुन्हा पुन्हा पाहिली. कृष्ण कोणाकडेच नव्हता.

मग लक्षात आलं. जयदेवाच्या 'गीतगोविंदा'त आठवा अवतार हलधर, म्हणजे बलराम आहे. कृष्ण अवतारांपैकी एक नसून अवतार घेणारा आहे. विष्णुपूरचे पत्ते त्याच परंपरेतले. मी वीस वर्षं अनुवाद करते, तरी एका भाषेतला नियम दुसऱ्या भाषेच्या पानांवर न बघता ठेवला होता. बलरामाला आठव्या जागेचा मान द्यावा, असं मी सुचवलं. काकिमांनी नवव्या अवताराचं पान वर धरलं. विष्णुपूरला बुद्धाच्या जागी जगन्नाथ काढतात.

"आरे, जगन्नाथई तो कृष्ण!"

महाराष्ट्रात त्याच नवव्या जागी पुष्कळदा विठ्ठल काढतात, हे मला तेव्हा आठवलं. मी हरकत घेतली नाही. जगन्नाथाचा राजा लेकीच्या हातात होता. तिनं उतारी केली.