पाथ, दृश्य व अदृश्य

संगणकीय आरेखनात बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ वा वक्र रेषा यांतून बनणाऱ्या आकाराला पाथ म्हणतात. त्यावर रेघ ओढली किंवा आत रंग भरला की तो दृश्य, एरवी अदृश्य. आकार आधी, शाई नंतर, हा क्रम अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत (१९८४) स्पष्ट दिसतो : ‘मूव्हटू’ आणि ‘लाइनटू’ या आज्ञा पाथ नुसता रचतात, ठसा उमटतो तो ‘स्ट्रोक’ किंवा ‘फिल’ म्हटल्यावरच. टिल टांटाऊ यांच्या टिक्झ या आरेखन-भाषेतही ‘पाथ’ हीच मूळ आज्ञा असून ‘ड्रॉ’ हे रेघ ओढण्याचा पर्याय दिलेल्या ‘पाथ’चे संक्षिप्त रूप आहे. तेव्हा अदृश्य पाथ म्हणजे काढायची राहून गेलेली रेघ नव्हे; आकृतीची मांडणी मुळात त्याच्यावरच उभी असते.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्याचा नकाशा कोडने काढताना याची प्रचीती येते. सुमारे ७२४ किमी. लांबीची मांजरा नदी याच तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेत गवळवाडीजवळ उगम पावून पुढे गोदावरीला मिळते. तालुक्यातीलच सौताड्याची विंचरणा नदी मात्र सीना नदीमार्गे भीमेच्या खोऱ्यात जाते. नद्या निळ्या रेघांनी दाखवल्या जातात. त्यांना विभागणारी जलविभाजक रेषा सहसा काढत नाहीत, पण ती पाथ म्हणून कोडमध्ये असेल तरच दोन खोऱ्यांत दोन रंग नेमके भरता येतात. तालुक्याची सीमा क्लिप म्हणून वापरली, तर बाहेरचा भाग आपोआप कापला जातो. ‘मांजरा’ हे नाव नदीच्या वळणाने लिहायचे, तर नदीपासून किंचित सरकवलेला आणि न रेखाटलेला पाथ लागतो. एसव्हीजी या वेबवरील आरेखन-स्वरूपातील ‘टेक्स्टपाथ’ त्यासाठीच आहे.

जे दिसत नाही त्यातली चूकही दिसत नाही, हा यावरचा आक्षेप रास्त आहे. टिक्झमध्ये अदृश्य पाथही आकृतीच्या चौकटीत धरला जातो, त्यामुळे भरकटलेला एक बिंदू भोवती नको तेवढी मोकळी जागा सोडतो. मात्र हा दोष तपासणीचा आहे : पाथला अर्थपूर्ण नाव द्यावे आणि काम चालू असताना त्यावर तात्पुरती लाल रेघ ओढावी. पांढऱ्या रेघेनेही भागते, हा दुसरा आक्षेप टिकत नाही. पांढरी रेघ खालची नदी झाकते, अदृश्य पाथ काहीच झाकत नाही. एसव्हीजीत नुसती रेघ न देणेही पुरेसे नाही. तेथे भरणाचा रंग मुळातच काळा असतो, म्हणून ‘फिल’चे मूल्य ‘नन’ असे द्यावे लागते.