बंद इंजिनाचे निदान: वालचंदांचे सोलापूर आणि टायमिंग चेन

#थ्रेड

१/ सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. बॅटरी ठणठणीत आहे, टाकीत पेट्रोल आहे, तरी गाडी जागची हलत नाही. अशा वेळी ज्या भागांवर संशय घ्यावा लागतो, त्यांतला एक म्हणजे टायमिंग चेन. या साखळीच्या भारतीय इतिहासात सोलापूर दोनदा भेटते.

२/ आधी तत्त्व समजून घेऊ. पिस्टनच्या वर-खाली होण्याने क्रँकशाफ्ट फिरतो. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्टचे. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एकच व्हावा लागतो. म्हणून कॅमशाफ्टच्या चक्राला दुप्पट दाते असतात. हा क्रम साखळी राखते.

३/ या साखळीचे मूळ कापडगिरण्यांच्या जगात आहे. मँचेस्टरमध्ये गिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवणाऱ्या हॅन्स रेनॉल्ड यांनी १८८० साली बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. सोलापुरातील ‘जुनी गिरणी’ १८७७ची. म्हणजे ही साखळी घडत होती, तेव्हा सोलापूर गिरण्यांचे शहर होऊ लागले होते.

४/ याच सोलापुरात १८८२ साली वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. बोरघाटातील रेल्वे-बोगद्यांचे कंत्राट, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळूरचा विमान-कारखाना आणि १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, असा त्यांच्या उद्योगांचा विस्तार होता. १९४७ साली प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

५/ १९५३ साली वालचंद निवर्तले. पुढे याच कंपनीची फियाट ११०० घरोघरी पोहोचली आणि १९७४ साली तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच बसवलेला असे आणि तो साखळीने फिरे. मुंबईच्या टॅक्सीचालकांचा रोजगार वर्षानुवर्षे या इंजिनावर चालला.

६/ अशा जुन्या इंजिनाचे पहिले निदान कानाने होई. निरोगी इंजिनाला सेल्फ मारला की प्रत्येक सिलिंडरमधील दाब त्याला क्षणभर अडवतो, त्यामुळे आवाजाला ठेका असतो. साखळी तुटली की व्हॉल्व्ह हलत नाहीत, दाब नीट तयार होत नाही आणि इंजिन हलके, वेगाने, एकसुरी घरघरत फिरते.

७/ दुसरी परीक्षा डोळ्यांची. डिस्ट्रिब्युटरला गती कॅमशाफ्टकडूनच मिळते. म्हणून इग्निशन कॉइलची तार काढायची, डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडायची आणि सेल्फ मारायचा. क्रँकशाफ्ट फिरत असूनही आतला रोटर स्थिर राहिला, तर दोहोंमधला दुवा तुटला आहे. बहुधा तो दुवा म्हणजे साखळीच.

८/ साखळी शाबूत पण सैल असेल, तर? क्रँकशाफ्टची पुली हाताने एका दिशेने रोटर हलेपर्यंत फिरवायची, तिथे खूण करायची. मग उलट दिशेने, पुन्हा रोटर हलेपर्यंत. मधल्या अंतरात पुली फिरते, पण रोटर हलत नाही. तो ढिलेपणा जितका मोठा, तितकी झीज अधिक. दाता सुटला असेल, तर कार्ब्युरेटरमधून उलटा भडका उडतो आणि चक्रांवरील खुणा जुळत नाहीत.

९/ साखळी ‘ताणली गेली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तिच्या पिना आणि बुश झिजतात आणि त्या सूक्ष्म झिजेची बेरीज होऊन ती लांबते. याचे मोठे कारण जुने, मळलेले ऑइल. आजच्या अनेक इंजिनांत साखळीला ताण देणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतो. थंड इंजिन सुरू करताना काही क्षण होणारा खडखडाट हा पहिला इशारा.

१०/ आता डिस्ट्रिब्युटर गेला, सेन्सर आले. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा मेळ बसला नाही, की स्कॅनरवर ‘पी००१६’सारखा कोड दिसतो. मात्र कोड म्हणजे निकाल नव्हे. सदोष सेन्सर, तुटकी वायर किंवा अडलेला ऑइलमार्ग यांमुळेही तोच कोड येतो. एका साक्षीवर निष्कर्ष काढू नये, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला नियम इथेही लागू पडतो. कॉम्प्रेशन मोजून आणि खुणा प्रत्यक्ष पाहूनच साखळीला दोषी ठरवावे.

११/ इथे घाई महागात पडते. अनेक आधुनिक इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांची जागा एकच असते; केवळ वेळ वेगळी. वेळ चुकली की दोघांची टक्कर होते आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून संशय येताच पुन्हापुन्हा सेल्फ मारणे थांबवावे. अन्यथा साखळी बदलून भागले असते, तिथे हेडही उघडावे लागते.

१२/ आणि सोलापूर? यतीन शहा यांनी १९९२ साली स्थापन केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स येथील एमआयडीसीत कॅमशाफ्ट घडवते आणि देश-विदेशातील मोटार-कंपन्यांना पुरवते. ओतकामाच्या वेळी साच्यातील लोखंडी तुकडे कॅमचा पृष्ठभाग झटकन थंड करतात. त्यामुळे तो कठीण होतो आणि गाभा यंत्रावर घडवता येण्याइतका मऊ राहतो.

१३/ पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. निदानाची साधने बदलली, पण बंद पडलेल्या इंजिनाला विचारायचा प्रश्न बदललेला नाही: क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा, तोही नेमक्या क्षणी, होतो आहे का?