जिवाणी कुठं सोडायची?

पाणी गाळून झालं की गाळणं उलटं करायचं, गाळलेल्याच पाण्यानं ते धुवायचं आणि ते धुवण पुन्हा त्याच विहिरीत सोडायचं, हा आमच्या जैन घरांतला जुना नियम. त्या धुवणाला जिवाणी म्हणतात. गाळण्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. बुऱ्हाणपूरला आजीच्या वाड्यात विहीर होती तोवर हे सोपं होतं. तळाला कडी असलेली छोटी बादली ती अलगद पाण्यापर्यंत उतरवायची. वरून ओतायची नाही, जिवांना मार लागतो म्हणून. पुढं घरात नळ आला. सगळे खूश. आजी मात्र गाळणं हातात धरून उभी. "हे पाणी कुठलं गं? याची जिवाणी मी कुठं सोडू?"

तेव्हा आम्ही हसलो. हा प्रश्न या गावाच्या इतिहासालाच विचारावा असा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

नकाशावर बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. पण रावेरकडून येणाऱ्याला सीमा ओलांडल्याचं कळतही नाही. तीच काळी जमीन, त्याच केळीच्या बागा. गावाच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, आणि सातपुड्यात सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड. उत्तरेतून दख्खनेत उतरायची वाट त्या गडाखालून येते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. गड हा दरवाजा, तर बुऱ्हाणपूर ही त्याच्या आतली ओसरी. जो आत आला तो आधी इथं टेकला.

खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या नासिरखानानं इ.स. १४०० च्या सुमारास हे गाव वसवलं आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव त्याला दिलं. तापीपलीकडचं गाव जैनाबाद. पाहुणे हमखास विचारतात, "हे तुमच्या जैनांचं का?" नाही, तेही एका संताचं, जैनुद्दीन यांचं. पुढं राजा अलीखान फारुकीनं जामा मशीद बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, शके १५११ चा. अव्यक्त, सर्वव्यापी अशा सृष्टिकर्त्याला नमन, मग राजाची वंशावळ, मग पंचांग उघडून बसावं तशी तिथी, वार, नक्षत्र. मशिदीत संस्कृत कसं, असं आज आपण विचारतो. तेव्हाच्या गावाला ते विचारावंसं वाटलं नसावं.

१६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराकडे गेलं. तापीकाठचा शाही किल्ला मोगलांच्या दख्खन मोहिमांचं ठाणं झाला. शहजादे आले, सुभेदार आले, त्यांचं लष्कर आलं. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो इथं शहजादा परवेझला भेटून गेला. एवढ्या माणसाजनावरांना पाणी कुठून द्यायचं? तापी पायाशी होती, पण गाव उंच काठावर. शिवाय उघड्या नदीचं पाणी वेढ्याच्या काळात शत्रू नासवू शकतो.

अब्दुल रहीम खानखानानच्या सुभेदारीत, त्याच १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं यावर तोड काढली. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि उतारानं तापीकडे सरकतो. त्याला त्यानं वाटेतच गाठलं. जमिनीखाली भुयार खोदलं, वर ठरावीक अंतरानं विहिरींसारखी तोंडं ठेवली. त्या शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणून हे कुंडी भंडारा. लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. ना मोट, ना रहाट; निव्वळ उतारावर पाणी चालत गावात येतं. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्याच कुळातली इतर नावं.

गंमत अशी, की त्याच काळात मलिक अंबर खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, अशीच भूमिगत नहर आणत होता. त्याच्या फौजांनी बुऱ्हाणपूरला वेढाही घातला. हाडवैरी, पण पाणी आणायची रीत एकच.

बाहेरच्यांना बुऱ्हाणपूर म्हटलं की मुमताज महल आठवते. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती इथं गेली. जैनाबादच्या आहूखान्यात तिला पुरलं आणि सहा महिन्यांनी शव आग्ऱ्याला नेलं. ताज इथंच व्हायचा होता, असं गावात अजून हळहळून सांगतात. मला वेगळीच हळहळ वाटते. त्याच सुमारास पाऊस दगा देऊन गेला होता. गुजरात आणि दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता. पीटर मंडी हा इंग्रज त्या दिवसांत सुरतेहून बुऱ्हाणपूरला आला. वाटेतल्या प्रेतांची वर्णनं त्यानं लिहून ठेवली आहेत. शाहजहान इथं दर सोमवारी पाच हजार रुपये वाटत होता. वीस आठवडे, एक लाख रुपये. एका मृत्यूचा ताज झाला. बाकीच्यांची नोंद एका प्रवाशाच्या वहीत.

गावाचं खरं बळ कापडात होतं. ताव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी सांगतो, की इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाई. कापड धुवायला, रंगवायला पाणी लागतंच. पैसा आला तशी लूटही आली. १६८१ मध्ये हंबीरराव मोहित्यांनी संभाजीराजांच्या फौजेनिशी इथली बहादुरपुऱ्याची श्रीमंत पेठ लुटली. शाळेत हा धडा वाचताना माझी छाती फुगली होती. पुढं कधीतरी जाणवलं, की मी व्यापाऱ्याची नात. ती पेठ आमच्यासारख्यांचीच. आता दोन्ही बाजूंनी वाचते.

१७६० मध्ये गाव पेशव्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे, १८६१ मध्ये इंग्रजांकडे. १९५६ मध्ये ते मध्य प्रदेशात राहिलं आणि आमच्या सोयरिकी मात्र जळगावकडे. बोहरींची दर्गाह-ए-हकीमी, शिखांची बडी संगत, आमची देरासरं, यंत्रमागांची खडखड, मावा जिलबीच्या कढया, सगळं चालूच आहे.

आजी गेल्यावर मी लिफ्टनं कुंडी भंडाऱ्यात उतरले. सुमारे ऐंशी फूट खाली. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, पायाशी थंड, नितळ पाणी. डोंगरानंच गाळलेलं. आजीचा प्रश्न तिथं आठवला. आमच्या भागातल्या जुन्या नळाचं पाणी इथूनच यायचं. म्हणजे जिवाणी इथं आणायला हवी होती.

मार्च २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आला. आनंद झाला. पण डोंगर उघडा पडला आणि पायथ्याशी बोअर वाढत गेले, तर मुरायचं काय आणि झिरपायचं काय? यादी पाणी देत नाही. आजीचा नियम जिवांसाठी होता खरा, पण तो पाळायला पाणी कुठून येतं हे ठाऊक असावं लागे, आणि घेतलेल्यातलं थोडं तरी तिथं परत न्यावं लागे.

माझ्या घरी आता पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. त्याचं टाकाऊ पाणी मोरीतून जातं. जिवाणी कुठं सोडायची, हे मला आज माहीत आहे. सोडत मात्र नाही.