लाँचपॅड वाचवणारा ‘उलटा शॉवर’

२० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासमधील बोका चिका येथून स्पेसएक्सचे स्टारशिप उडाले, तेव्हा बूस्टरच्या झोताने खालचे उष्णतारोधक काँक्रीट फोडून मोठा खड्डा पाडला. तुकडे दूरवर उडाले. झोत बाजूला वळवणारा खंदक तिथे नव्हताच. पोलादी प्लेट तयार होत होत्या, पण काँक्रीट एक उड्डाण सोसेल असे गृहीत धरून कंपनी थांबली नाही. घाई नडली.

नंतर बसवलेल्या या जाड प्लेटमधून पाणी जोरात खेळवले जात असे आणि वरच्या छिद्रांतून ते झोताच्या दिशेने उसळत असे. पाण्याची वाफ होताना बरीच उष्णता शोषली जाते, त्यामुळे पोलाद वितळत नसे.

१८ नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात ३३ इंजिने पेटली. यानाचे दोन्ही टप्पे आकाशात नष्ट झाले. प्लेट मात्र शाबूत राहिल्या.