संकेत आणि बल : शर्यतीच्या सायकलीवरील गियर व ब्रेक यांच्या इतिहासाची एक तुलना

मराठीत आपण 'गियर टाकला' असे म्हणतो आणि 'ब्रेक दाबला' असे म्हणतो. 'जरासा ब्रेक दाब', 'करकचून ब्रेक दाबला' हे प्रयोग सहज होतात. 'जरासा गियर टाक' असे मात्र कोणी म्हणत नाही. गियर एकतर पडतो, किंवा पडत नाही. बोलीत सहज नोंदला गेलेला हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु शर्यतीच्या सायकलीवरील या दोन यंत्रणांचा इतिहास पाहू लागले म्हणजे त्या इतिहासाची किल्ली याच भेदात आहे असे दिसून येते. आज उच्च प्रतीच्या सायकलींवर गियर बदलण्याचे काम विजेवर चालते. ब्रेकचे काम मात्र अद्यापि हाताच्या जोरावरच चालते. एकाच मुठीत शेजारी नांदणाऱ्या या दोन यंत्रणांपैकी एकीत वीज शिरली आणि दुसरीत शिरली नाही, हे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साखळीला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे यंत्र, म्हणजे डिरेलर, शर्यतींत सहजासहजी स्वीकारले गेले नाही. 1903 साली 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज यांचा त्यास विरोध होता. यंत्राने मनुष्याचे कष्ट हलके केले तर पराक्रमाची परीक्षा उरत नाही, अशी त्यांची धारणा होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस एकेक चक्र बसविलेले असे, आणि घाटाच्या पायथ्याशी खाली उतरून चाक उलटे लावावे लागे. 1937 साली त्या शर्यतीत संघांच्या स्पर्धकांना डिरेलरची मुभा मिळाली. 1950 च्या सुमारास इटलीतील विचेंझाच्या काम्पान्योलो कारखान्याने समांतरभुज रचनेचा, केबलने ओढला जाणारा 'ग्रान स्पोर्त' डिरेलर प्रचारात आणला, आणि पुढील कित्येक दशके शर्यतीच्या सायकलीचे गियर याच तत्त्वावर चालले.

या काळातील गियरची तरफ सांगाड्याच्या खालच्या नळीवर असे व केवळ घर्षणाने जागच्या जागी राहत असे. तिला खाचा नव्हत्या. स्वार एक हात हँडलवरून काढून तरफ ओढी, साखळीची खरखर कानाने ऐके, किंचित पुढे ढकलून पुन्हा मागे घेई आणि आवाज थांबला म्हणजे गियर बसला असे मानी. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मागच्या चाकावरील चक्रे मोजकी व एकमेकांपासून सुटी होती. हाताची हालचाल मात्र अखंड होती. गियर टाकण्याची क्रिया तेव्हा हातापुरती ब्रेक दाबण्यासारखीच होती. कमी-अधिक करून नेमके स्थान शोधावयाचे, हे दोहोंतही समान होते.

ही स्थिती पालटली ती 1984 साली. जपानमधील साकाई येथील शिमानो कंपनीने त्या वर्षी आपल्या 'ड्युरा-एस' या सर्वोच्च श्रेणीत तरफेला ठराविक खाचा दिल्या. एक खटका म्हणजे एक चक्र, असा नियम झाला. आपण 'काल' आणि 'काळ' हे शब्द ऐकतो तेव्हा ल व ळ यांच्या मधला एखादा ध्वनी उच्चारला गेला तरी कान त्यास यापैकी एका खान्यातच टाकतो; तिसरा खाना भाषेत नसतो. खाचांनी तरफेस नेमके हेच शिकविले. परंतु त्याची किंमतही द्यावी लागली. केबलचा ताण, तिच्या आवरणाची न दबणारी घडण, चक्रांमधील अंतर व डिरेलरची चाल ही सर्व परस्परांशी जुळली तरच खटका खरा ठरे. पूर्वी निरनिराळ्या कारखान्यांचे भाग एकत्र करून सायकल बांधता येई. आता प्रत्येक भागास अर्थ लाभला तो त्याच्या व्यवस्थेतील स्थानामुळे. 1990 साली शिमानोने गियरचा खटका ब्रेकच्या तरफेतच बसविला. 1992 साली काम्पान्योलोनेही आपल्या पद्धतीने तेच केले. हात हँडलवरून काढण्याचे कारण उरले नाही, आणि दोन्ही यंत्रणा एका मुठीत आल्या.

विजेचा प्रवेश झाला तो यानंतर. फ्रान्समधील माव्हिक कंपनीने 1992 साली 'झॅप' ही विद्युत-यंत्रणा पुढे आणली आणि 1999 साली 'मेक्ट्रॉनिक' ही बिनतारी आवृत्ती काढली. दोन्हींत केवळ मागचा डिरेलर विजेवर होता. पुढचा केबलवरच राहिला. इतिहासदृष्ट्या त्यांतील एक बाब फार बोलकी आहे. साखळी सरकविण्यास लागणारे बल बॅटरी देत नसे. बॅटरी एका लहान विद्युतचुंबकास केवळ इशारा देई. प्रत्यक्ष बल डिरेलरमधील फिरत्या चक्रीकडून, म्हणजे अंतिमतः स्वाराच्या पायांकडून येई. संकेत विजेचा आणि बल मनुष्याचे, अशी ती वाटणी होती. पावसापाण्यात या यंत्रणांचा भरवसा धरता येईना व त्या मागे पडल्या. पण संकेत आणि बल यांची फारकत त्यांनी करून दाखविली. खाचांनी हाताच्या क्रियेस आधीच संकेताचे रूप दिले होते म्हणूनच ही फारकत शक्य झाली.

आजची यशस्वी परंपरा 2009 सालच्या शिमानो 'डीआयटू' पासून धरावी लागते. तिच्यात बलही बॅटरीचेच झाले. शिवाय मागील चक्र बदलताच साखळी घासू नये म्हणून पुढचा डिरेलर आपण होऊन किंचित सरकू लागला. 2011 साली काम्पान्योलोची 'ईपीएस' व 2015 साली अमेरिकेतील स्रॅम कंपनीची 'ईटॅप' या यंत्रणा आल्या. तिघींचे साध्य एक असले तरी त्यांचे व्याकरण निराळे आहे. शिमानोने एक बॅटरी व तारा ही रचना पत्करली आणि 2021 साली मुठीपासूनच्या तारा तेवढ्या काढल्या. दोन्ही डिरेलर मध्यवर्ती बॅटरीस तारेनेच जोडलेले राहिले. स्रॅमने आरंभीच तारा टाकून दिल्या व प्रत्येक डिरेलरला स्वतःची, परस्परांत बदलता येणारी बॅटरी दिली. उजवी तरफ एका दिशेस, डावी दुसऱ्या दिशेस आणि दोन्ही एकदम दाबल्यास पुढचे चक्र, असा तिचा संक्षिप्त संकेत आहे. काम्पान्योलोने अंगठ्याचा जुना खटका विजेच्या युगातही जपला, 2023 च्या बिनतारी आवृत्तीत तो काढला आणि 2025 साली पुन्हा आणला. संकेत बदलणे सोपे असले तरी बोटांची सवय बदलणे सोपे नसते, हे यावरून दिसते.

याच काळात ब्रेकचा प्रवास अगदी वेगळ्या वाटेने झाला. तेथे अडचण संकेताची नव्हती, बलाची होती. रिमवर दाबला जाणारा ब्रेक पावसात उशिरा पकड घेई, आणि कार्बनच्या रिम आल्यावर लांब उतारावर त्या तापण्याचा धोका वाढला. त्यावर उपाय म्हणून चकतीचा द्रवचालित ब्रेक आला. मुठीतील दट्ट्या द्रवावर दाब देतो आणि चाकाच्या मध्याशी असलेली चकती पकडली जाते. शिमानो व काम्पान्योलो यांनी खनिज तेल पत्करले. स्रॅमने मोटारगाड्यांतल्याप्रमाणे डॉट द्रव वापरला, जो हवेतील ओलावा शोषतो व म्हणून ठराविक काळाने बदलावा लागतो. शर्यतींत या ब्रेकला परवानगी मिळण्यास वेळ लागला. 2016 च्या पॅरिस-रुबे शर्यतीत एका स्पर्धकाने चकतीमुळे जखम झाल्याचे सांगितल्यावर चाचणी स्थगित झाली, पुढील वर्षी पुन्हा सुरू झाली, आणि 1 जुलै 2018 पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघाने चकतीचा ब्रेक नियमित केला.

येथे दोन्ही इतिहास एकत्र येतात. विजेने गियरचे खटके व दाते हटवून मुठीत केवळ एक बटण ठेवले. त्यामुळे जी जागा रिकामी झाली तीत द्रवाचा सिलिंडर बसला. शिमानोच्या 2013 मधील पहिल्या द्रवचालित मुठी विजेच्या गियरसाठीच होत्या. त्याच वर्षी स्रॅमने केबलचे गियर व द्रवाचा ब्रेक एकाच मुठीत बसविले, तेव्हा मुठीचे डोके ठळकपणे उंच झाले. दोहोंचा मेळ विजेवाचून अशक्य होता असे नाही. परंतु विजेने तो सुकर केला, हे निश्चित. त्यानंतर ब्रेकमध्ये झालेल्या सुधारणाही बलाच्याच आहेत. 2021 च्या ड्युरा-एसमध्ये पॅड आरंभी झटकन पुढे येतात व नंतर दाब वाढतो. 2024 च्या स्रॅम 'रेड'मध्ये मुठीवरून ब्रेक लावण्यास लागणारा जोर कमी केला आहे. हाताचा दाब कमी-अधिक होईल तसा ब्रेक कमी-अधिक लागला पाहिजे, ही अखंडता दोहोंनीही राखली आहे.

या फारकतीचा परिणाम केवळ सोयीपुरता नाही. 2021 च्या ड्युरा-एसची केबलवर चालणारी आवृत्ती निघालीच नाही. सर्वोच्च श्रेणीत निवडच उरली नाही. 2024 साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ व नॉर्थईस्टर्न विद्यापीठ यांतील संशोधकांनी असे दाखविले, की शिमानोच्या बिनतारी गियरचा संकेत रेडिओयंत्राने टिपून सुमारे 10 मीटरवरून पुन्हा सोडता येतो आणि दुसऱ्याच्या सायकलीचा गियर बदलता येतो. कंपनीने त्यावर आज्ञावलीची सुधारित आवृत्ती दिली. संकेत झाला म्हणजे त्याची नक्कल आलीच; आणि ती रोखण्याचे साधन स्वाराच्या हाती नसते, ते कारखान्याच्या हाती असते. हाताच्या बलाची अशी नक्कल दुरून करता येत नाही.

तेव्हा या इतिहासाचे कालखंड पाडताना 1992 किंवा 2009 ही विजेची वर्षे सीमारेषा मानण्याचा मोह टाळावा, असे मला वाटते. खरी सीमा 1984 ही होय. त्या वर्षी हाताची चाल मोजक्या खटक्यांत विभागली गेली, आणि कानाने गियर शोधण्याची विद्या अनावश्यक झाली. पुढे वीज आली ती तयार झालेल्या जागेत. ब्रेकच्या बाबतीत अशी जागा अद्याप कोणी तयार केलेली नाही. म्हणून घाट उतरताना स्वाराचा हात आणि चाक यांच्यामध्ये आजही द्रवाचा एक सलग स्तंभ असतो, आणि किती दाबावयाचे हे त्या हातालाच ठरवावे लागते.