दुचाकीची मूठ आणि ब्रेक : वऱ्हाडातील घरगुती दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास हा बहुधा शोध, शोधक आणि कारखाने यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र ग्राहकाच्या दारी आल्यानंतर त्याचे काय होते, ते कोण दुरुस्त करतो, त्यात कोणते बदल होतात, या प्रश्नांकडे इतिहासकारांचे लक्ष उशिरा वळले. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात वापर व देखभाल यांना केंद्रस्थानी ठेवले. भारतापुरता हा विचार डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या २०१३ च्या ग्रंथात सायकल, शिलाई यंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी यांच्या आधारे मांडला. दुचाकी हे याच परंपरेतील पुढचे यंत्र होय. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या संदर्भात दुचाकीच्या हॅण्डलवरील मूठ बदलणे आणि ब्रेकमध्ये सुधारणा करणे या दोन घरगुती कामांचा ऐतिहासिक विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ही दोन्ही कामे एकाच अंगणात, एकाच पान्याने होतात. तथापि त्यांचे सामाजिक स्वरूप एक नाही. मुठीचा संबंध मालकाच्या हाताशी आहे, तर ब्रेकचा संबंध रस्त्यावरील प्रत्येक माणसाशी आहे. हा भेद कसा घडत गेला, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

सायकलीपासून स्कूटरपर्यंत

वऱ्हाडातील बहुसंख्य कुटुंबांच्या दारी आलेले पहिले चाकांचे यंत्र म्हणजे काळी सायकल. तिचे ब्रेक सळईचे असत. मुठीखालची दांडी ओढली की सळयांच्या साखळीतून रबरी गुटके चाकाच्या रिमवर दाबले जात. गुटके झिजले की बदलावे, सळई ढिली झाली की नट आवळावा, मूठ फाटली की नवी बसवावी, एवढे ज्ञान घरातील शाळकरी मुलालाही असे. मोठे काम असेल तरच सायकल दुकानात नेली जाई. यंत्राची किरकोळ देखभाल हे मालकाचेच काम आहे, ही धारणा सायकलीने रुजविली.

दुचाकी वाहनांनी या धारणेत वायरची भर घातली. लवचिक आवरणातून सरकणाऱ्या तारेचे एकस्व अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली घेतले. तीच तार पुढे ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर यांसाठी जगभर वापरली गेली. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीची लूना १९७२ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिला पायडल होते आणि दोन्ही ब्रेक हातात होते. त्यामुळे सायकलस्वाराला लूना परकी वाटली नाही.

स्कूटरची गोष्ट निराळी होती. कोराडिनो द’आस्कानिओ यांनी रचलेल्या व्हेस्पाचे एकस्व पियाजिओने १९४६ मध्ये घेतले. या स्कूटरचे गिअर पायाऐवजी डाव्या मुठीत होते. बजाज ऑटोने पियाजिओच्या सहकार्याने १९६० च्या सुमारास भारतात उत्पादन सुरू केले. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. तिनेही मुठीतील गिअर कायम ठेवले. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती व मागणी अफाट होती. परिणामी नोंदणी केल्यानंतर ग्राहकाला अनेक वर्षे, काही वेळा दहा वर्षांपर्यंत, प्रतीक्षा करावी लागे. एवढ्या प्रतीक्षेने मिळालेले वाहन कोणी सहजासहजी मोडीत काढीत नसे. घरगुती दुरुस्तीमागे हौसेपेक्षा टंचाईचे अर्थकारण अधिक होते, हे येथे स्पष्ट होते.

प्रत्येक यंत्राची निराळी भाषा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यावरील सर्व दुचाकींची नियंत्रणे सारखी नव्हती. मद्रासला १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एन्फिल्ड इंडिया कंपनीच्या बुलेटचा गिअर उजव्या पायात, तर मागचा ब्रेक डाव्या पायात होता. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा व येझदी या गाड्यांत डाव्या बाजूची एकच दांडी किक आणि गिअर अशी दोन्ही कामे करीत असे. चेतकचा गिअर हातात, पुढचा ब्रेक उजव्या हातात आणि मागचा ब्रेक उजव्या पायात होता. १९८४ च्या कायनेटिक होंडाने गिअरच काढून टाकला आणि दोन्ही ब्रेक हातात दिले.

याचा अर्थ असा की, एका गाडीवर कमावलेली सवय दुसऱ्या गाडीवर घातक ठरू शकत होती. चेतकवरून बुलेटवर बसलेला माणूस संकटाच्या क्षणी उजवा पाय दाबी आणि ब्रेकऐवजी गिअर हलत असे. म्हणूनच मालक व मिस्त्री यांच्यातील बोलणे केवळ भागांच्या किमतीचे नसे. लिव्हर किती जवळ हवी, पायडल किती खाली हवे, वायरीत किती ढील ठेवावी, हे माणसाच्या हातापायांवरून ठरे. गाडी चालविणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढू लागल्यावर या प्रश्नाला आणखी महत्त्व आले. कारण कारखान्यातील लिव्हरचे अंतर बहुधा पुरुषाच्या पंजाच्या मापाने ठरलेले होते.

मूठ : मालकाचे क्षेत्र

मूठ बदलणे वरवर पाहता क्षुल्लक काम आहे. वऱ्हाडात मात्र त्याला हवामानाचे कारण आहे. मे महिन्यात अकोल्याचे तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर तापते, कालांतराने चिकट होते, नंतर कडक होऊन त्याला भेगा पडतात. घामेजलेल्या हाताखाली अशी मूठ फिरते. चेतकसारख्या स्कूटरवर हा दोष गंभीर ठरत असे. कारण डाव्या मुठीचे रबर नळीवरून सुटले की हात फिरे, पण गिअर पडत नसे.

या कामाची पद्धत साधी असली तरी तिच्यात शिस्त आहे. जुनी मूठ पात्याने कापून किंवा आत साबणाचे पाणी सोडून काढतात. मोटारसायकलच्या दोन्ही मुठी सारख्या नसतात. डावी मूठ साधारण २२ मिलिमीटर जाडीच्या नळीवर थेट बसते. उजवी मूठ मात्र ॲक्सिलरेटरच्या फिरत्या नळीवर बसत असल्याने तिचे आतील माप मोठे असते. नवी मूठ बसविण्यापूर्वी नळी कोरडी व तेलविरहित करावी लागते. उजवी मूठ आतल्या बाजूस घासत नाही ना आणि सोडताच ॲक्सिलरेटर आपोआप मागे येतो ना, हे इंजिन सुरू करण्यापूर्वीच पाहावे लागते. अडकलेला ॲक्सिलरेटर हा ब्रेक नसण्याइतकाच धोकादायक असतो. एवढी दक्षता पाळली तर हे काम घरी करण्यात गैर काही नाही. चूक झालीच तर ती अंगणात उभ्या गाडीवरच लक्षात येते.

ब्रेक : समाजाचे क्षेत्र

ब्रेकच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. लुई रेनॉ यांचा ड्रम ब्रेक आणि फ्रेडरिक लँचेस्टर यांचे डिस्क ब्रेकचे एकस्व हे दोन्ही १९०२ सालचे. ड्रममध्ये दोन शू आतून बाहेर दाबले जातात. सतत दाबल्याने ड्रम तापतो, प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथून परतवाड्याच्या दिशेने घाट उतरताना केवळ ब्रेकवर विसंबणाऱ्या चालकाला लिव्हर सैल पडल्याचा अनुभव येतो, त्याचे कारण हेच. म्हणून जाणते चालक उतारावर खालचा गिअर ठेवतात. मैदानी भागात अडचण वेगळी आहे. काळ्या कसदार जमिनीचा पावसाळी चिखल चाकाला लपेटतो, पाणी ड्रममध्ये शिरते आणि वायरी गंजतात. वायर बदलणे, तेल सोडणे, ढील काढणे ही कामे त्यामुळे वऱ्हाडात हंगामी कामांसारखी नियमित झाली.

डिस्क ब्रेकने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. कारण त्याची तबकडी उघड्या हवेत असते व लवकर थंड होते. होंडाच्या सीबी ७५० या १९६९ च्या मोटारसायकलने पुढच्या चाकाचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक जगभर परिचित केला. भारतात तो सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचण्यास शतकाची अखेर उजाडली. १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांनंतर डिस्कची ओढ वाढली. येथूनच जुन्या ड्रमच्या गाडीला डिस्क बसविण्याची कल्पना पुढे आली.

परंतु ही सुधारणा वायर बदलण्याइतकी सोपी नाही. त्यासाठी हब, तबकडी, कॅलिपर धरणारा फोर्क, मास्टर सिलिंडर आणि नळी हे सर्व एकमेकांस जुळावे लागते. मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या मानाने लहान असेल तर लिव्हर मुठीला टेकते. मोठा असेल तर ती दगडासारखी कडक लागते. डॉट ३ व डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि ते ठरावीक मुदतीने बदलावे लागते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर अंगणात ठीक वाटलेला ब्रेक रस्त्यावर दगा देतो. सळईच्या ब्रेकमधील दोष डोळ्यांना दिसत असे, हायड्रॉलिक ब्रेकमधील दोष दिसत नाही. घरगुती ज्ञानाची मर्यादा नेमकी येथे सुरू होते.

कायदा आणि घरगुती बदल

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने वाहनात बदल करण्यास वाव होता. २००० सालच्या दुरुस्तीने हा वाव आकुंचित झाला आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुसऱ्या बाजूने १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना, १२५ सीसीच्या वर चाके लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा व त्याखाली किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणा अनिवार्य झाली. ब्रेकची सुधारणा अशा रीतीने मिस्त्रीच्या हातून कारखान्याकडे गेली.

हे स्थित्यंतर सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र त्याचा लाभ नव्या गाडीच्या मालकापुरता मर्यादित राहतो. २००१ च्या जनगणनेत देशातील ११.७ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. २०११ मध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले. त्या काळातील अनेक गाड्या एमएच-२७ आणि एमएच-३० या क्रमांकांनी अद्याप धावत आहेत. रस्ते मात्र बदलले. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा विश्वविक्रम झाला. गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढतो. जुन्या ड्रमची क्षमता वाढत नाही. कायदा या मालकाला काय करू नये ते सांगतो. आहे तो ब्रेक सुस्थितीत कसा ठेवावा, हे त्याला अद्याप गल्लीतील मिस्त्रीच शिकवितो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, वऱ्हाडातील दुचाकीची घरगुती दुरुस्ती ही सायकलीने रुजविलेली सवय, परवाना काळातील टंचाई आणि स्थानिक हवामान यांतून घडली. मूठ, वायर, लायनर यांची देखभाल हे मालकाचे रास्त क्षेत्र होते व आहे. ब्रेकची मूळ रचना बदलणे हे मात्र सामाजिक जबाबदारीचे काम असल्याने तेथे हौस किंवा काटकसर हा निकष पुरेसा नाही.

चेतकचे पेट्रोलवरील उत्पादन थांबून बराच काळ लोटला आणि २०१९ मध्ये हेच नाव विजेवरील स्कूटरला मिळाले. तिची डावी मूठ फिरत नाही. मुठीतून गिअर ओळखणारी पिढी आता वार्धक्याकडे झुकली आहे. जिल्हा गॅझेटिअरांत कापूस बाजार, जिनिंग आणि रस्ते यांची नोंद सापडते. वायर ओवणाऱ्या मिस्त्रीची सापडत नाही. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मिळून या मिस्त्रींच्या मुलाखती नोंदविल्या, तर स्थानिक इतिहासाला नवे साधन मिळेल आणि जुन्या गाडीचा ब्रेक सुस्थितीत ठेवण्याचे ज्ञानही जतन होईल. रस्त्यावर जुन्या गाड्या आहेत तोवर हे ज्ञान केवळ स्मृतीचा विषय नाही. तो जीविताचा प्रश्न आहे.