गर्भपाताचा कायदा : अपराधाकडून अनुज्ञेकडे

पूर्वी निजामाच्या राज्यात मोडणाऱ्या धर्माबादेस १८६० ची भारतीय दंडसंहिता १९५१ साली लागू झाली. तिच्या ३१२ व्या कलमान्वये, जीव वाचविण्याचा हेतू नसल्यास, गर्भपात करणाऱ्याप्रमाणेच स्वतः तो घडवून आणणारी स्त्रीही दंडास पात्र ठरे. १९७१ च्या अधिनियमाने नोंदणीकृत डॉक्टरांस अपवाद दिला आणि स्त्रीची संमती आवश्यक मानली. परंतु संततिनियमनाचे साधन फसल्याचा आधार केवळ ‘विवाहित स्त्री’पुरताच ठेवला. २०२१ च्या दुरुस्तीत ‘विवाहित’ हे विशेषण गळाले. एका शब्दाच्या लोपाने अविवाहितेसही तो आधार मिळाला. तथापि निर्णायक मत आजही डॉक्टरचेच आहे, आणि २०२३ च्या न्यायसंहितेच्या ८८ व्या कलमात तो अपराध कायम आहे. सारांश, सत्तर वर्षांत येथील गर्भवतीस लाभली ती अनुज्ञा होय. हक्काची भाषा अधिनियमाच्या शब्दांत अद्याप उतरलेली नाही.